फोन धरला की हाताला झिणझिण्या येतात: फोन बदलण्याआधी काय तपासायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वेंगुर्ल्याजवळच्या गावी आई एकटी राहते. मोबाईल हातात धरला की तिच्या हाताला झिणझिण्या येतात. पडवीत बसून बोलताना जास्त, आणि पावसाळ्यात तर फारच. डॉक्टर म्हणाले, वयामानाने नस दबत असेल. मुंबईचा भाऊ म्हणतो, हे रेडिएशन आहे, फोन बदला. गणपतीत तो घरी आला तेव्हा त्याने फोनच्या कडेला टेस्टर लावला, तर टेस्टरचा दिवा लागला आणि सगळे घाबरले. आता नवीन फोन घ्यायचा का?

एवढ्यात घेऊ नका. मी सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनारपट्टीत घरांच्या वायरिंगची आणि अर्थिंगची कामं करतो, आणि ही तक्रार दर पावसाळ्यात कुठून ना कुठून येतेच. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट लिहायची राहिली आहे, आणि सगळं उत्तर तिच्यावरच अवलंबून आहे: झिणझिण्या येतात त्या वेळी फोन चार्जिंगला लावलेला असतो का? माझा अंदाज, असतो. आपल्याकडे बऱ्याच घरांत रेंज फक्त पडवीत येते, बोर्डही तिथेच दाराशी असतो, आणि मुलांचा फोन रात्री येतो तेव्हा बॅटरी उतरलेली असते. मग वायर लावलेल्या फोनवरच तासभर बोलणं होतं. पण अंदाजावर जाऊ नका, तपासा.

फोन पूर्ण चार्ज करून चार्जर काढून ठेवायला सांगा. मग आईने त्याच जागी, त्याच खुर्चीत, नेहमीसारखं अनवाणी बसून तुमच्याशी निवांत बोलावं. असं दोन-तीन दिवस करा. चार्जर नसताना एकदाही झिणझिण्या आल्या नाहीत, तर गोष्ट विजेची आहे. चार्जर नसतानाही येत असतील, तर गोष्ट हाताची आहे आणि डॉक्टरांचं म्हणणं बरोबर असण्याची शक्यता मोठी.

हाताचं असेल तर त्यात मी खोलात जाणार नाही, ते काम डॉक्टरांचं. पण डॉक्टरांकडे जाताना कोणती बोटं बधिर होतात ते नीट बघून जा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट असेल, तर कोपर वाकवून बराच वेळ फोन कानाला धरल्याने कोपरातली नस ताणली जाते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट असेल आणि रात्री झोपेतही हात झटकावा लागत असेल, तर मनगटातली नस दबलेली असू शकते. मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर तोही सांगा. एक मात्र लक्षात ठेवा: बधिरपणा अचानक आला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा एका बाजूची ताकद गेली, तर फोन-चार्जरचा विचार बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा.

भावाच्या रेडिएशनबद्दलही सांगतो, कारण ही भीती खूप घरांत आहे. फोनच्या लहरींनी झिणझिण्या येत नाहीत. त्या लहरींचा शरीरावर जो सिद्ध झालेला परिणाम आहे तो किंचित उष्णता एवढाच, आणि त्यालाही आपल्याकडे मर्यादा आहे, शरीराच्या किलोमागे १.६ वॅट. बहुतेक फोनवर *#०७# दाबलं की त्या फोनचा आकडा दिसतो. भावाला तो दाखवा म्हणजे त्याच्या मनातलं जाईल.

आता विजेकडे येतो.

मोबाईलच्या चार्जरमध्ये दोन बाजू असतात. एक भिंतीकडची, २३० व्होल्टची, आणि दुसरी फोनकडची, साधारण ५ व्होल्टची. मध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि दोन्ही बाजू एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या ठेवलेल्या असतात. पण हे चार्जर आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून काम करतात. त्यातून जो विजेचा गोंगाट होतो तो आवरला नाही तर रेडिओ खरखरतो आणि फोनची स्क्रीन वेड्यासारखी उड्या मारते. तो आवरण्यासाठी दोन्ही बाजूंना जोडणारा एक अगदी लहान कपॅसिटर मुद्दाम बसवतात. जांभ्याच्या बांधातून पाणी पाझरावं तसा त्यातून भिंतीकडच्या विजेचा थोडासा अंश फोनकडे येतो. बहुतेक चार्जरला दोनच पिना, म्हणजे जमिनीशी जोडणारी अर्थिंगची पिन नाही. त्यामुळे हा आलेला अंश जाणार कुठे? फोनच्या धातूच्या कडेवर तो वाट बघत राहतो. ओल्या लादीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर अनवाणी बसलेल्या माणसाने फोन धरला, की त्याच्या अंगातून जमिनीत उतरतो. तीच झिणझिणी.

चांगल्या चार्जरमध्ये हा करंट फार थोडा असतो, एक मिलिअँपिअरच्या दहाव्या भागाच्या आसपास. हातात धरायच्या अशा उपकरणांना सुरक्षिततेच्या मानकात ०.२५ मिलिअँपिअरची मर्यादा आहे. हाताची पकड सुटेनाशी होते ती साधारण १० मिलिअँपिअरपासून, आणि हृदयाला धोका त्याच्याही वर. म्हणजे चांगल्या चार्जरची झिणझिणी जिवावर बेतणारी नसते. तरी ती जाणवते, कारण कडेचा जेमतेम टोकाएवढा भाग त्वचेला टेकतो आणि सगळा करंट त्या एका ठिपक्यातून जातो. आईला विचारा, फोन मुठीत घट्ट धरल्यावर कमी वाटतं आणि बोट कडेवरून हलकेच फिरवलं की जास्त करकरतं, असं होतं का? कान टेकवल्यावर कानाच्या पाळीला टोचल्यासारखं होतं का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर हीच गोष्ट आहे. चार्जिंगला असताना स्क्रीन आपोआप भलतीकडेच दाबली जात असेल, तर तीही याच कुळातली खूण, आणि तेव्हा चार्जरवर संशय घ्या.

भावाच्या टेस्टरचा दिवा लागला त्याचं कारणही हेच. निऑन टेस्टर इतक्या कमी करंटवर पेटतो की त्याचं पेटणं म्हणजे धोका, असं म्हणता येत नाही. डिजिटल मीटर लावला तर तो ऐंशी-शंभर व्होल्टही दाखवेल आणि घरातले पुन्हा घाबरतील. माझ्याकडे असा फोन आला की मी मीटरला २००० ओहमचा एक रेझिस्टर समांतर जोडतो आणि त्याचं एक टोक फोनच्या कडेला, दुसरं खात्रीच्या अर्थला लावतो. चार्जर नीट असेल तर शंभर व्होल्टवरचा आकडा क्षणात कोसळून अर्ध्या व्होल्टच्या आत येतो. एवढ्याशा भारालाही तो टिकत नाही, याचा अर्थ त्याच्यामागे जोर नाही. आकडा दोन-चार व्होल्टवर राहिला तर तो चार्जर मी तिथेच काढून घेतो. आणि आकडा पडतच नसेल, तर दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारा आतला पडदा, म्हणजे इन्सुलेशन, फाटलेलं आहे, त्या फोनला हातच लावायचा नाही. हे घरी करून बघू नका, पण तुमच्या वायरमनला दाखवा. टेस्टरने घाबरवण्यापेक्षा किंवा टेस्टर न पेटल्यावर निश्चिंत होण्यापेक्षा हे खूप बरं.

माझी खरी काळजी इथे सुरू होते. निरुपद्रवी झिणझिणी आणि धोक्याची पहिली झिणझिणी हाताला जवळजवळ सारखीच लागते. माणसं तिची सवय करून घेतात. "आमच्याकडे येतंच थोडं" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की ते ऐकलं की मी आधी मीटरपेटी उघडतो. आईला सवय होऊ देऊ नका.

धोका दोन ठिकाणांहून येऊ शकतो. पहिलं, चार्जर. बाजारात फोनच्या पेटीतल्यासारखेच दिसणारे स्वस्त चार्जर मिळतात. ते फोडून बघितले तर भिंतीकडच्या आणि फोनकडच्या तांब्यात जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची फट दिसते. चांगल्या चार्जरमध्ये ती पाच-सहा मिलिमीटरची असते, कधी मध्ये खाच कापलेली असते. मघाशी सांगितलेला कपॅसिटर खास सुरक्षिततेच्या प्रकारचा असावा लागतो. बिघडला तर तो तुटतो, जोडला जात नाही. स्वस्त चार्जरमध्ये तिथे साधा कपॅसिटर असतो आणि तो बिघडला की थेट जोड होतो. मग २३० व्होल्ट हातात. त्यात आपली हवा खारी. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या घरांत पिनांवर हिरवं किटण चढतं, तसाच मिठाचा ओलसर थर चार्जरच्या आत सर्किटवरही बसतो, आणि त्या थरावरून वीज सरकते. कोरड्या गावात जी अरुंद फट वर्षानुवर्षं निभावते ती आपल्याकडे दोन पावसाळ्यांत दगा देऊ शकते.

त्यामुळे आईचा चार्जर हातात घेऊन बघा. त्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण, आयएस (भारतीय मानकाचा) क्रमांक आणि आर अक्षराने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक हवा. चौकोनात चौकोन अशी आकृतीही असते, म्हणजे दुहेरी इन्सुलेशन. खुणाही नकली छापतात, म्हणून ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाकून बघा. तिथे त्याच कंपनीचं नाव आलं तर ठीक. क्रमांक नसेल, चार्जर हलवल्यावर आत काही खुळखुळत असेल, प्लास्टिकला पिवळट-काळपट डाग असेल, तर तो कुणाला देऊ नका आणि जादाचा म्हणून ठेवूही नका. पिना वाकवून टाकून द्या.

दुसरं ठिकाण म्हणजे घर. इथे प्रश्न असा: फोन सोडून आणखी कशाला हात लावल्यावर झिणझिणी येते का? फ्रिजचं हँडल, मिक्सरचं भांडं, न्हाणीतला नळ, विहिरीच्या पंपाचा पाइप, पावसात ओली झालेली जांभ्याची भिंत? यातलं एक जरी असेल तर चार्जरचा विषय सोडा आणि दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलवा. तोवर पंप आणि गिझर बंद, आणि नळाला जाणवत असेल तर मेन स्विचच बंद.

आपल्या भागातल्या अर्थिंगबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त घरं इथेच उघडी पडतात. अर्थिंगसाठी निदान अडीच मीटर लांबीचा पाइप किंवा सळी जमिनीत जायला हवी. आपल्याकडे वर हातभर माती आणि खाली जांभा. जांभ्यात अडीच मीटर खणणं महागात जातं, म्हणून कुणीतरी दोन फुटांची सळी मातीत ठोकून वर सिमेंट घालतो. पावसाळ्यात जमीन ओली असते तेव्हा ती बऱ्यापैकी चालते. पण एप्रिल-मे मध्ये, मुलं-नातवंडं गावी आलेली असतात आणि पंखे, फ्रिज, पंप सगळं एकदम चालू असतं, तेव्हा कोरड्या जांभ्यातली ती सळी असून नसल्यासारखी होते. जुन्या लोकांनी अर्थचा खड्डा न्हाणीच्या पाण्यावरच्या माडाच्या बुंध्याशी किंवा केळीच्या आळ्यात घेतलेला दिसतो. ती जागा अजूनही उत्तम, बारमाही ओल असते. खड्डा दुसरीकडे असेल तर कोळसा-मीठ भरून वर नरसाळं ठेवायचं आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतायचं. आईला एवढं सहज जमेल, किंवा शेजारचा कुणी करेल.

अर्थिंग तपासायला वायरमन फेज (जिवंत तार) आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावतो, तो लख्ख पेटला की "अर्थिंग एकदम चांगलं" म्हणतो. ही खात्री पुरेशी नाही. समजा अर्थचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, ५० ओहम आहे, म्हणजे खराबच. तरी बल्ब जवळजवळ पूर्ण पेटेल, कारण बल्बचा स्वतःचा रोध ५०० ओहमच्या वर असतो. पण उद्या फ्रिजच्या पत्र्याला फेज टेकली तर त्या अर्थमधून साडेचार-पाच अँपिअरच जातील. तेवढ्याने १६ अँपिअरचा एमसीबी (जादा करंट आला की पडणारा स्विच) पडत नाही. पत्रा तसाच जिवंत राहतो आणि बघताना सगळं ठीक दिसतं. म्हणून मीटरने रोध मोजायला सांगा, आणि त्याहून महत्त्वाचं, मुख्य स्विचनंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यात ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. अर्थ कमकुवत असला तरी माणसाच्या अंगातून जाणारा करंट तो ओळखतो. त्यावर टेस्ट लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं, वीज गेली पाहिजे. चार्जरच्या झिणझिणीवर आरसीसीबी पडणार नाही, ती फार लहान आहे, म्हणून तो बिघडलाय असं समजू नका.

जुन्या घरात आरसीसीबी बसवला की कधीकधी तो सारखा पडतो, आणि लोक वैतागून काढून टाकतात. तसं करू नका. बहुतेक वेळा कुठल्यातरी खोलीचं न्यूट्रल (करंटची परतीची तार) दुसऱ्या सर्किटशी किंवा अर्थशी जोडलेलं असतं, किंवा कौलांखालची एखादी वायर ओली होत असते. तो पडतोय म्हणजे आजवर लपलेला दोष दाखवतोय. वायरमनला एकेक सर्किट वेगळं करून शोधायला अर्धा दिवस लागेल, तो लागू द्या. निसर्ग आणि तौक्ते वादळांनंतर घाईघाईत जोडलेल्या घरांत तर मी हे हमखास बघतो. वरची वायर नवी असते आणि खाली अर्थची तार तुटून तशीच लोंबत असते.

इन्व्हर्टर असेल तर आणखी एक. वीज गेल्यावर, इन्व्हर्टर चालू असताना झिणझिणी वाढते का ते बघा. स्वस्त इन्व्हर्टरची वीज चौकोनी लहरीची असते, ती त्या कपॅसिटरमधून जास्त पाझरते. हा फोनचा दोष नाही. इन्व्हर्टरवर असताना फोन लावून ठेवा, पण हातात धरू नका.

तुमच्याकडे लॅपटॉप असेल आणि तुम्ही सुट्टीत तिथून काम करत असाल, तर त्याच्या तीन पिनी वायरला दोन पिनी कन्व्हर्टर लावू नका, मोठी पिन कापूही नका. तिथे अर्थची पिन झिणझिणी वाहून नेण्यासाठीच असते. ती काढली की लॅपटॉपच्या कडा फोनपेक्षाही जास्त करकरतात.

आता आईने आजपासून काय करायचं. फोनला चांगलं रबरी कव्हर घाला, कडा पूर्ण झाकणारं. चार्जिंग चालू असताना बोलायचं नाही, आणि फारच गरज असेल तर स्पीकरवर, फोन टेबलावर ठेवून. तुम्ही रोज ठरलेल्या वेळी फोन करत असाल तर आईला त्याआधी तासभर फोन चार्जिंगला लावून मग काढून ठेवायला सांगा. निम्मी तक्रार एवढ्यानेच संपेल. पायात रबरी चप्पल, किंवा पाय वर घेऊन झोपाळ्यावर बसणं, यानेही झिणझिणी थांबते. ती थांबली की समजा गोष्ट विजेचीच होती. पण तो इलाज नाही, चार्जर आणि घर तपासायचंच. आणि विजा चमकायला लागल्या, विशेषतः मे अखेरीस आणि परतीच्या पावसात, की चार्जर भिंतीतून उपटून ठेवायचा. तारेवर पडलेली वीज वायरवाटे फोनपर्यंत येऊ शकते, ती कुठल्याही कव्हरने थांबत नाही.

तपासून झालं की इथेच कळवा. चार्जर लावलेला असताना आणि नसताना काय फरक पडला, चार्जरवरचा आर क्रमांक ॲपमध्ये सापडला का, नळाला किंवा फ्रिजला काही जाणवतं का, आणि मीटरपेटीत आरसीसीबी आहे का, एवढं लिहा. पेटीचं झाकण उघडून एक फोटो टाकलात तर वायरमनला नेमकं काय सांगायचं ते मी लिहून देईन. नळाला झिणझिणी लागत असेल तर मात्र माझ्या उत्तराची वाट बघू नका, आधी मेन स्विच बंद करायला सांगा.